कॉलेजची एकच लाईन

इंटरनेटने विद्यापीठीय शिक्षणाची दारे उघडली, हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे, आणि दोन-चार व्यासपीठांवरून स्वतःही म्हटले आहे, की आता ते खोटे ठरवणे मला परवडणार नाही. माझ्यापुरते तर ते खरेच आहे. जगातले सगळे ज्ञान एका तारेतून आमच्या नांदेडच्या कॉलेजपर्यंत आले, आणि त्या तारेच्या या टोकाशी मी बसलो होतो. फक्त एक गोष्ट सांगायची राहते. ती तार टेलिफोनची होती, आणि कॉलेजला टेलिफोनची लाईन एकच होती. ज्ञान येत असताना दुसरे काहीच येऊ शकत नव्हते.

मी चाकूरचा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शिलाईचे दुकान होते आणि दुकानाच्या मागे घर. माझ्या लहानपणाला मशीनचा आवाज आहे. तो थांबला की मी अजूनही दचकतो, कारण आमच्याकडे मशीन दोनच कारणांनी थांबे: दोरा तुटला म्हणून, किंवा कोणी वाईट बातमी घेऊन आले म्हणून. आई काजे करायची, बटणे लावायची. दोरा तोंडात धरूनच ती आम्हाला रागवायची, त्यामुळे तिचे निम्मे बोलणे आम्ही डोळ्यांवरून ओळखत असू. घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हे सगळ्यांकडेच असते. आईचे त्याच्याही पुढे होते. ती कुठेही निघाली की घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे ‘येते’ म्हणायची, आणि त्याने ‘ये’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. एकदा अहमदपूरला लग्नाला निघाली असताना एस.टी. गावाबाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आले की धाकट्या सुमनला, ती झोपेत असल्यामुळे, सांगायचे राहिले. तिने कंडक्टरला घंटी मारायला लावली, उतरून चालत घरी आली, पोरीला उठवून ‘येते’ म्हटले, आणि नंतर गाडीच न मिळाल्यामुळे लग्नाला गेलीच नाही. तिला त्याचे काहीही वाटले नाही. नियम पाळला गेला होता.

बी.एस्सी.ला मी नांदेडला मावशीकडे राहत होतो. काका रेल्वेत होते आणि क्वार्टर रुळांच्या इतके जवळ होते की मालगाडी गेली की मांडणीवरच्या ताटल्या आपसात बोलू लागत. मावशी त्या आवाजावर वेळ ओळखायची आणि पीठ मळायला घ्यायची. तिच्या हाताला येसराची आमटी अशी होती की माझे जेवण भाकरीच्या मोजमापाबाहेर जायचे. काकांना कामावर केव्हाही बोलावणे येई, म्हणून क्वार्टरमध्ये रेल्वेचा फोन होता. त्यावरून पूर्णेच्या नाहीतर मुदखेडच्या माणसाशी केव्हाही बोलता यायचे, पण रेल्वेबाहेरच्या जगाशी त्या फोनचा काही संबंध नव्हता. बाहेरचा फोन होता शेजारच्या घरी, आणि मी ज्या दिवसांबद्दल लिहितो आहे त्या दिवसांत शेजारी कुलूप लावून हिमायतनगरला मुलीच्या बाळंतपणासाठी गेले होते. काका म्हणायचे, “आपल्या घरी फोन हाय, पण आपल्या कामाचा न्हाई. सरकारी चीज अशीच असती.”

त्या वर्षी कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती. समिती खूश झाली तर कॉलेजात एम.एस्सी. सुरू होणार होते, आणि समितीला खूश करण्यासाठी इंटरनेट दाखवायचे ठरले होते. भूगोलाचे फाटके नकाशे ठेवायची खोली रिकामी करून तिच्यावर ‘इंटरनेट कक्ष’ अशी पाटी लागली. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांच्या हस्ते उद्घाटन झाले. उंबऱ्यावर नारळ फुटला, कॉम्प्युटरला हार घातला, पडद्याला हळदकुंकू लावले. त्या कुंकवाचा डाग पडद्याच्या कोपऱ्यात कायमचा राहिला आणि तिथे काय लिहिलेले असते हे शेवटपर्यंत कोणाला वाचता आले नाही. चपला बाहेर काढल्याशिवाय आत यायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. धूळ जाईल म्हणून, असे कारण सांगत. पण आत आलेला प्रत्येक जण नकळत हात जोडत असे, त्यावरून खरे कारण कळत होते.

कॉम्प्युटरचे सर उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत हैदराबादला नोकरी लागून निघून गेले. ते लाईन लावायचे तेव्हा मी त्यांच्या पाठीमागे उभा असायचो, म्हणून आता मी तज्ज्ञ झालो. तज्ज्ञ होण्याची आमच्याकडे हीच रूढ पद्धत आहे: माहीतगार माणूस निघून जातो आणि शेजारी उभा असलेला उरतो. काम तसे सोपे होते. पडद्यावरच्या एका चौकोनावर बाण नेऊन माऊस दाबायचा, की टेलिफोनच्या तारेला जोडलेली मोडेमची डबी नंबर फिरवायची, मग किंचाळायची, मग फरशीवरून पत्रा ओढल्यासारखा आवाज काढायची आणि एकाएकी गप्प व्हायची. ती गप्प झाली की इंटरनेट लागले. मात्र त्याच लाईनवर प्राचार्यांच्या खोलीत एक आणि ऑफिसात एक असे दोन फोन होते. त्यांतला एक जरी कोणी उचलला, तरी इंटरनेट पडायचे. रोज पडायचे. शेवटी प्राचार्यांच्या हुकमाने हेडक्लार्कांनी जुनी कागदपत्रे बांधायच्या लाल फडक्यांत दोन्ही फोन रिसीव्हरसकट बांधून टाकले आणि वर अशा गाठी मारल्या की फोनची कोणाला आठवणही येऊ नये. प्राचार्यांच्या फोनपाशी गणपतमामा शिपाई स्टुलावर बसवले होते. त्यांना एकच काम होते: कोणाला उचलू द्यायचा नाही आणि स्वतःही उचलायचा नाही.

त्याच सुमारास आईच्या पोटात दुखू लागले. आधी पित्त म्हणून जिरे चावून झाले, मग ओवा, मग चाकूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या. शेवटी लातूरच्या एका दवाखान्यात फोटो काढल्यावर पित्ताशयात खडे निघाले. पोट फाडावे लागेल, असे डॉक्टर म्हणाले. आईला कापण्याची भीती नव्हती. तिचे आयुष्य कात्री-सुईत गेले होते. तिला भुलीची भीती होती. आमच्या गल्लीतल्या शेवंताकाकू आदल्या वर्षी याहून लहान ऑपरेशनला गेल्या होत्या आणि भुलीतून बाहेर आल्याच नव्हत्या. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा आई शर्टाला काज करीत होती. दोरा दाताने तोडून तिने मला विचारले, “दिगू, तू एवढा शिकून राहिला. भूल दिल्यावर माणूस कुठं जातं रे?”

“कुठं जाणार? झोपतंय.”

“झोपलेलं माणूस हाक मारली की उठतंय. शेवंताला लई हाका मारल्या.” तिने सुईत नवा दोरा ओवला. “तुमच्या कॉलेजात म्हणं यंत्र आलंय. समदं सांगतंय?”

“हाव.”

“मग त्याला इच्यार.”

मी नांदेडला परत आल्यावर, सरावाच्या निमित्ताने, त्याला विचारले. पडदा वरून खाली भरत यायचा, ओळीमागून ओळ, जणू कोणी पलीकडे बसून हाताने लिहीत आहे. भूल दिल्यावर माणूस कुठे जातो, हे त्यात नव्हते. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये काय काय बिघडू शकते, याची मात्र एक यादी होती. इंग्रजीतली, एकाखाली एक. पहिल्या दोन-तीन गोष्टी साध्या होत्या: ताप, जखम चिघळणे. मला धीर आला. मग यादी जसजशी खाली उतरू लागली तसतशी वाईट होत गेली, आणि लाईन मंद असल्यामुळे प्रत्येक ओळ येण्याआधी मला तिची वाट पाहावी लागत होती. सर्वांत शेवटी एकच शब्द आला. तो समजायला मला डिक्शनरी लागली नाही. विद्यापीठीय शिक्षणात इंटरनेटवरून मला मिळालेले पहिले ज्ञान म्हणजे माझी आई कशा कशाने मरू शकते, हे. आज माझी मुलगी तिच्या हॉस्टेलमधून असल्या गोष्टी एका क्षणात शोधते आणि मला हसत पाठवते. तिला ती यादी एकदम दिसते. एकदम दिसण्यात केवढी दया आहे, हे तिला कळणार नाही.

ऑपरेशनचा दिवस ठरला तो नेमका समितीचा. मी प्राचार्यांकडे गेलो. ते भाषणाची घोकंपट्टी करीत होते.

“सर, आईचं ऑपरेशन आहे लातूरला. मला जावं लागेल.”

“जा की. परवा जा.”

“सर, ऑपरेशन उद्या आहे.”

“मग ते सुरू कोण करणार?” ‘ते’ म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागले नाही. “दिगंबर, तुझी आई एक आहे. या कॉलेजात पोरं किती आहेत? सगळ्यांच्या एम.एस्सी.चा जिम्मा तुझ्यावर आहे.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि तुझे प्रॅक्टिकलचे मार्क अजून द्यायचे आहेत, बरं का.”

संध्याकाळी चाकूरहून कॉलेजच्या फोनवर अण्णांचा फोन आला. इंटरनेट बंद झाले की फडकी सोडत, म्हणून तो लागला. मी येऊ शकत नाही, हे ऐकून ते चिडले नाहीत. ते म्हणाले, “तिला सांगितलं तर ती म्हणती, राहू दे त्याला तिथं, पण मी त्याला ‘येते’ म्हटल्याबगर आत जायची न्हाई. दवाखान्यासमोर एसटीडी हाय. तिथून लावतो. किती वाजता लावू?”

समिती सकाळी येणार आणि जेवायच्या आत जाणार, असे ठरले होते. “दुपारी लावा,” मी म्हणालो. त्यात मला काही चूक दिसली नाही. समिती ठरल्या वेळी येते असे मी गृहीत धरले, ही माझ्या वयाची चूक होती.

त्या सकाळी मावशीने भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेव आणि कोथिंबीर. तो मी चिवडत बसलो. मावशीही जेवली नाही. तिची बहीण लातूरला होती आणि तिने ते तोंडून काढले नाही. मी चप्पल घातली तेव्हा ती हातात केरसुणी घेऊन तशीच उभी राहिली. माणूस बाहेर पडल्या पडल्या केर काढू नये, म्हणून ती मी वळणापलीकडे जाईपर्यंत थांबणार होती. इतर दिवशी तिला याचा विसर पडायचा.

कॉलेजात पोहोचल्याबरोबर प्राचार्यांनी मला कक्षात बसवले. “आत्ताच लाव. ऐन वेळी लागलं नाही तर? एकदा लागलं की हात लावायचा नाही.” मी लावले. डबी किंचाळली, गप्प झाली. पलीकडच्या खोलीत लाल फडक्यातला फोन आणि त्याच्यापाशी गणपतमामा. मी बसून राहिलो. समिती आली नाही. समिती दादासाहेबांच्या बंगल्यावर नाश्ता करीत आहे, अशी बातमी आली. नंतर समिती गुरुद्वारात दर्शनाला गेली आहे, अशी आली. मग समिती फाटकात आहे, असे कोणी सांगितले. ती पुढे बराच वेळ फाटकातच होती. सूर्य डोक्यावर आला, वीज गेली, कक्षातला पंखा थांबला, कॉम्प्युटर मात्र बॅटरीवर चालू राहिला आणि लाईन जोडलेलीच राहिली.

भीतीचे वर्णन लोक छातीतल्या धडधडीने करतात. माझी तशी नव्हती. मला काहीच ऐकू येत नव्हते, आणि तीच भीती होती. कोणी त्या वेळी कॉलेजला फोन लावला असता तर त्याला ‘टूं टूं’ ऐकू आले असते. मला काहीही नाही. पलीकडे एखादा माणूस बोट दुखेपर्यंत नंबर फिरवत असेल, आणि इकडे फोन इतका शांत, जणू कोणाला माझी आठवणच नाही. मी त्या शांततेकडे पाहत बसलो. यादीतली एकेक ओळ वरून खाली आठवत गेली. शेवटच्या शब्दापाशी आलो की मी पुन्हा वरून सुरुवात करी.

न राहवून मी बाहेर आलो. “सर, थोडा वेळ बंद करू? लातूरहून फोन यायचा होता.”

प्राचार्यांनी हार नीट लावता लावता मान न वळवता सांगितले, “समिती फाटकात आहे.”

स्वतः जाऊन एसटीडीवरून फोन लावावा, तर कुठे लावणार? दवाखान्याचा नंबर मला माहीत नव्हता, समोरच्या बूथचाही नाही. बोलणे एकाच बाजूने सुरू होऊ शकत होते आणि ती बाजू लातूरची होती. मी परत आत जाऊन बसलो. चप्पल पुन्हा बाहेर काढली.

समिती आली तेव्हा जेवणाची वेळ होऊन गेली होती, आणि समिती जेवूनच आली होती. तिघे जण होते, तिघांच्या अंगावर शाली. समितीचे अध्यक्ष कुठल्याशा लांबच्या विद्यापीठाचे निवृत्त कुलगुरू होते. प्राचार्यांनी ‘ज्ञानगंगा’ या शब्दाने सुरुवात केली आणि माझ्याकडे बोट करून ‘आमचे विद्यार्थी तज्ज्ञ’ म्हणाले. कुलगुरू माझ्या शेजारी खुर्चीवर टेकले. त्यांनीही बूट बाहेर काढले होते; एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते आणि ते पाय आत ओढून घेत होते.

“काय दाखवता?”

मी ठरवून दिल्याप्रमाणे हवामानखात्याचे पान दाखवू लागलो. त्यांनी मला थांबवले. “माझा मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्या युनिव्हर्सिटीची इमारत दिसेल का?” त्यांनी नाव सांगितले. मी टाकले. पडद्यावर एक चित्र उतरू लागले. आधी निळे आकाश आले. आकाश पुष्कळ होते. बाकीचे दोघे सदस्य आणि प्राचार्य आरतीला उभे राहावेत तसे उभे राहून त्या आकाशाकडे पाहत होते. मग एका मनोऱ्याचे टोक आले.

“अरे वा,” कुलगुरू म्हणाले. “आता तळ येऊ द्या. दारातल्या पायऱ्यांवर त्याचा फोटो आहे माझ्याकडे.”

पायऱ्या खूप खाली होत्या. मी मनोऱ्याकडे पाहत होतो आणि मला बूथमध्ये उभे असलेले अण्णा दिसत होते. माझे पाय उघडे होते. टेबलाखाली भिंतीतून आलेली टेलिफोनची वायर पायाच्या अंगठ्याला लागत होती. मी ती अंगठा आणि बोट यांच्यात धरली. लहानपणी आई पाय पसरून धाग्याचे टोक असेच अंगठ्यात धरायची आणि दुसऱ्या टोकाला पीळ द्यायची; ते मला येत होते. मी पाय ओढला. वायर सुटली.

कोणालाही काही कळले नाही. आकाश होते तसेच राहिले, मनोराही राहिला, खिडक्यांच्या दोन रांगा राहिल्या. इमारतीला दार मात्र आलेच नाही. पडद्यावर लाईन तुटल्याचे सांगणारा एक लहान चौकोन उगवला.

“हे काय?” कुलगुरूंनी विचारले.

“परवानगी विचारतंय, सर,” मी म्हणालो आणि तो घालवला.

“किती स्पष्ट आहे,” ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले. “आणि वेग बघा.”

आणि पलीकडच्या खोलीत फोन वाजला.

फडक्यात बांधलेल्या फोनचा आवाज गोधडीत रडणाऱ्या लेकरासारखा येतो. तो वाजत राहिला. गणपतमामांना उचलायची मनाई होती आणि ते हुकमाचे पक्के होते. दारातून मला ते दिसत होते: स्टुलावरून उठून, हात जोडून, फोनकडे पाहत उभे.

“फोन वाजतोय,” कुलगुरू म्हणाले. “उचला कोणी तरी.”

“सर, उचलला तर हे पडेल,” प्राचार्यांनी पडद्याकडे भीतीने हात केला.

मी खुर्ची मागे सारून धावलो. पाठीमागे प्राचार्यांची माझ्या नावाने हाक आली. ती हाक अर्ध्यात गिळलेली होती, कारण समिती होती. गाठ हेडक्लार्कांची होती. ती नखांनी सुटेना. मी दात लावले. फडके तोंडात, फोन छातीशी, आणि घंटा थेट माझ्या जबड्यात वाजत होती. गाठ सैल झाली, आणि घंटा थांबली.

गणपतमामा म्हणाले, “गेला.”

मी रिसीव्हर उचलला नाही. उचलला असता तर लाईन पुन्हा व्यस्त झाली असती. मी दोन्ही हात मागे बांधून फोनसमोर उभा राहिलो. यादी वरून सुरू झाली. ती ज्या ओळीपर्यंत आली होती ती ओळ मी कधी कोणाला सांगितलेली नाही.

फोन पुन्हा वाजला.

“कोण? कॉलेज का?” अण्णांचा आवाज चिरका झाला होता. “दिगंबर हाय का?”

“अण्णा, मीच हाय.”

पलीकडे ते कोणाला तरी म्हणाले, “हाय. जित्ता हाय.” मग मला, “अरे सकाळधरनं लावून राहिलो! येळेच्या आधीच लावला, म्हटलं घाई होऊ नये. एंगेज, एंगेज, एंगेज. कोन मेलं का काय तिकडं? ही म्हणती, माझ्या पोराला काहीतरी झालंय, तुम्ही माझ्यापासून लपवून राहिलात. डॉक्टर दोनदा येऊन गेला. ही आत जाईना. शेवटी म्हटली मीच लावते.”

“आई कुठं हाय?”

“इथंच हाय की. बूथमध्ये. दवाखान्याचा हिरवा झगा घालून रस्ता ओलांडून आली. नर्स मागं उभी हाय, बेजार झाली बिचारी. घे.”

रिसीव्हर हातातून हातात गेल्याची खरखर झाली. आईने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तो कोरडा श्वास मला तिच्या आवाजाआधी ऐकू आला.

“कुठं होतास रे?”

“इथंच होतो आई.”

“मग एवढा येळ फोनवर कुणाशी चाललं होतं?”

“फोन नव्हता. ते यंत्र चालू होतं. अमेरिकेला जोडलं होतं.”

“अमेरिकेत आपलं कोण हाय?”

“कुणी न्हाई.”

“मग?”

त्या ‘मग’चे उत्तर मी पुढे तीसेक वर्षे शिकलो, शिकवले, त्यावर निबंध वाचले.

“बरं ते असू दे,” ती म्हणाली. “त्याला इच्यारलं का?”

“काय?”

“भूल दिल्यावर माणूस कुठं जातं ते.”

दारात प्राचार्य उभे होते. त्यांच्यामागे कुलगुरू, त्यांच्यामागे शाली. गणपतमामा फडक्याची घडी घालीत होते.

“इच्यारलं,” मी म्हणालो. “कुठंच जात न्हाई. तिथंच असतंय.”

“लिवलंय का तसं?”

“लिवलंय.”

रस्त्यावरून एक ट्रक गेल्याचा आवाज आला, नर्स काहीतरी म्हणाली. “मग येते,” आई म्हणाली.

“ये,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी तिथेच स्टुलापाशी भिंतीला टेकून बसलो. मला कोणी उठवले नाही. कुलगुरूंनी काय झाले ते विचारले असावे, कारण थोड्या वेळाने त्यांनी स्वतः माझ्यापुढे पाण्याचा ग्लास धरला आणि “माझी बायकोसुद्धा भुलीलाच घाबरायची” एवढेच म्हटले. तिचे काय झाले, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. समिती गेली, हार निघाले, सतरंज्या गुंडाळल्या. प्राचार्यांना मला खूप काही बोलायचे होते, पण फोनकडे पाहत बसलेल्या पोरापुढे त्यांना ते बोलवेना. शेवटी तेही समोर खुर्चीवर बसले आणि दोघांनी मिळून त्या फोनची राखण केली. त्या संध्याकाळी कॉलेजात कोणीही इंटरनेट लावले नाही. दिवेलागणीला अण्णांचा फोन आला. ते रडत होते, म्हणून मला आधी काहीच कळले नाही. मग सुमनने फोन घेतला. “आई जागी झाली दादा. पहिलं काय म्हणाली माहीत हाय का? म्हणाली, ‘हे खरंच लिवलंय की.’”

मावशीच्या घरी पोहोचलो तेव्हा केर अजून काढलेला नव्हता. सकाळपासून. ताटल्या वाजल्या, मालगाडी गेली, आणि ती पीठ मळायला बसली.

आईने पुढे खूप वर्षे काजे केली. खडे तिने दवाखान्यातून मागून आणले आणि औषधाच्या बाटलीत घालून मशीनशेजारी ठेवले. कपडे टाकायला येणाऱ्याला ते पाहावेच लागत. मी प्राध्यापक झालो, आणि यथावकाश माझ्याही अंगावर शाली पडू लागल्या. मीही समित्यांवर गेलो. मला भिंतीएवढे पडदे दाखवतात, जग जवळ आले म्हणून सांगतात. मी मान हलवतो. प्रत्येक ठिकाणी मी एक गोष्ट मात्र करतो: बाहेर जाऊन त्यांच्या ऑफिसच्या नंबरवर फोन लावून पाहतो.

आमच्या कॉलेजला आलेल्या त्या समितीचा अहवाल त्याच वर्षी उन्हाळ्यात आला होता. त्यात कॉलेजच्या इंटरनेट सुविधेचे विशेष कौतुक केले होते आणि एम.एस्सी.ला मान्यता द्यावी, अशी शिफारस होती. शेवटी एक सूचना होती: महाविद्यालयाचा दूरध्वनी वारंवार व्यस्त लागतो, तरी आणखी एक लाईन घ्यावी. संस्थेने सूचना तत्परतेने अमलात आणली. दुसरी लाईन दादासाहेबांच्या बंगल्यावर बसवण्यात आली.